वालाची वकिली

आमच्या अंगणातला वालाचा वेल उपटावा, असे शेजारच्या अण्णांचे ठाम मत आहे. "जूनमध्ये लावलात, दसरा झाला, शेंग म्हणून नाही! युरिया घाला, नाहीतर काढून टाका."

अहो, वेल आळशी नाही, तुम्ही उतावळे आहात! गावठी वालाला फुलायला दिवस लहान व्हावे लागतात, रात्री लांबाव्या लागतात. थंडीच्या तोंडावर तो आपणहून फुलतो. अण्णांची परवानगी मागत नाही. आणि युरिया कशाला? मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र त्याला घरपोच देतात. वर आणखी घातलात की नुसता पाला. गेल्या वर्षी अण्णांचे ऐकले. वेल गच्चीवर चढला, हिच्या पापडांवर सावली धरली आणि शेंगा दिल्या अकरा. मोजायला अण्णाच होते!

मावा पडला, तर शेंडे खुडीन, राख भुरभुरीन. पण उपटणार नाही. बी सासूबाईंचे. त्या गेल्या, डब्यात उरलेल्या चार दाण्यांतला हा एकच उगवला. हे अण्णांना कोण सांगणार?

फेब्रुवारीत त्यांना बिरड्याचे आमंत्रण आहे. तोवर त्यांनी कुंपणापलीकडूनच बोलावे.