सभागृहाच्या दारात

भगवान महावीरांच्या संघात १४,००० साधू आणि ३६,००० साध्वी होत्या व साध्वीसंघाची धुरा चंदनबालेकडे होती, असे परंपरा सांगते. प्रवचनांतून ही संख्या अभिमानाने उच्चारली जाते. युद्ध थांबविण्याच्या वाटाघाटींत मात्र आजही स्त्रीला क्वचितच आसन मिळते. ज्यांच्या हाती शस्त्रे, त्यांच्याच हाती बोलणी. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० साली ठराव १३२५ संमत करून शांतताप्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग आवश्यक मानला. ठराव कागदावर होता. त्याचा अर्थ पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाच्या स्त्रियांनी दाखवून दिला.

१९८९ पासून तो देश यादवीत होरपळत होता. कोवळ्या मुलांच्या हाती बंदुका दिल्या जात होत्या. २००३ मध्ये लेमा बोवी यांच्या नेतृत्वाखाली ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया प्रथमच एकत्र आल्या. शुभ्र वस्त्रे परिधान करून राजधानी मन्‍रोव्हियात मासळीबाजाराजवळील मैदानावर त्या उन्हापावसात दिवसेंदिवस बसल्या. अखेर राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना त्यांची भेट घ्यावी लागली.

घानातील आक्रा येथे बोलणी सुरू झाली आणि रेंगाळली. प्रतिनिधी हॉटेलांत सुखाने राहत होते, इकडे मन्‍रोव्हियावर तोफगोळे पडत होते. तेव्हा या स्त्रिया हातात हात गुंफून सभागृहाच्या दारातच बसल्या. निर्णयाखेरीज कोणालाही बाहेर पडू द्यायचे नाही, हा त्यांचा निश्चय. रक्षक अटक करण्यास आले, तेव्हा बोवींनी स्वतःची वस्त्रे उतरविण्यास आरंभ केला. मातेने असे करणे हा तेथे घोर शाप मानला जातो. रक्षक मागे हटले. ही शुद्ध अहिंसा की दबाव, अशी शंका सूक्ष्म विचार करणाऱ्याला येईल, आणि ती अगदीच गैर नाही. परंतु त्यांनी कोणाच्या अंगाला बोट लावले नाही. क्लेश सोसण्याची तयारी होती ती स्वतःच.

१८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला. २००५ च्या निवडणुकीत एलेन जॉन्सन सर्लीफ विजयी झाल्या आणि आफ्रिकेत प्रथमच एक स्त्री निवडणुकीने राष्ट्राध्यक्ष झाली. २०११ च्या शांतता नोबेलमध्ये त्या आणि बोवी दोघीही सहभागी होत्या.

या कथेत भारतही आहे. २००७ च्या जानेवारीत केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभराहून अधिक स्त्रिया मन्‍रोव्हियात उतरल्या. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिकार्यातील केवळ स्त्रियांचे ते पहिले पोलीस पथक. एकामागून एक तुकड्या येत राहिल्या. २०१६ मध्ये शेवटची तुकडी मायदेशी परतली.