कव्हरवरचा चेहरा

आमच्या हॉस्टेलवर एम.एस.ला जायची स्वप्नं पाहणाऱ्या सीनियर्सच्या लॅपटॉपवर अमेरिकन विद्यापीठांची ब्रोशर्स कायम उघडी असतात. हिरवळ, ऊन, हसणारे चार चेहरे, आणि त्यात एक कृष्णवर्णीय हमखास. मीपण इम्प्रेस व्हायचे. मग एक किस्सा वाचला. (कॉन्व्हेंटचं मराठी आहे, सांभाळून घ्या!)

२००० साली युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन-मॅडिसनने प्रवेशपुस्तिकेच्या कव्हरवर फुटबॉल मॅचच्या गर्दीचा फोटो छापला. सगळे गोरे आणि त्यांच्यात डायलो शबाझ हा कृष्णवर्णीय विद्यार्थी. गंमत म्हणजे हा पठ्ठ्या तिथल्या एकाही मॅचला गेला नव्हता! त्याचा चेहरा दुसऱ्या फोटोतून उचलून इथे चिकटवला होता. बिंग फुटलं आणि विद्यापीठाला माफी मागावी लागली.

तुम्ही म्हणाल, जाहिरातीत एवढं चालायचंच. पण कृष्णवर्णीय मुलगी ब्रोशर उघडते तेव्हा नुसत्या बिल्डिंगा बघत नाही. ‘तिथे माझ्यासारखं कुणी असेल का?’ हा तिचा प्रश्न असतो आणि फोटो हे त्याचं उत्तर. ते खोटं निघालं तर वर्गात एकटं बसायचं तिलाच, तेही कदाचित कर्ज काढून.

हा एखाददुसरा प्रकार नाही. टिम पिपर्ट या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १६५ कॉलेजांच्या पुस्तिकांमधले दहा हजारांहून जास्त फोटो तपासले. कॉलेजांत कृष्णवर्णीय विद्यार्थी ७.९ टक्के, फोटोंत १२.४ टक्के!

मला हे लागलं, कारण फर्स्ट इयरला मीही अशीच ‘मॉडेल’ झाले होते. मेकॅनिकलच्या साठजणांत आम्ही चार मुली. प्रॉस्पेक्टससाठी चौघींनाही एप्रन घालून लेथपाशी उभं केलं. लेथ बंद होती. अर्थात माझी गोष्ट छोटी आहे. ज्यांच्या आजी-आजोबांना कातडीच्या रंगामुळे विद्यापीठांची दारं बंद होती, त्यांच्याशी माझी बरोबरी नाही. पण आपला चेहरा वापरला जातो म्हणजे काय, ते थोडंसं कळलं.

शबाझचं मला आवडलं ते पुढचं. त्याने विद्यापीठावर दावा केला, पण स्वतःसाठी पैसे मागितले नाहीत. माफी बजेटमध्ये दिसू दे, म्हणाला! त्यातून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या उपक्रमांना १ कोटी डॉलर बाजूला काढले गेले.

आज हा प्रश्न जास्तच टोचतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. एमआयटीत आधीच्या काही वर्षांत सरासरी १३ टक्के कृष्णवर्णीय विद्यार्थी असायचे, २०२४ च्या नव्या बॅचमध्ये ५ टक्के आले. ब्रोशरवरचे चेहरे मात्र हसतच राहतील.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, कव्हर बघून भुलू नका. तिथे शिकणाऱ्याला एक मेल टाका: किती जण आहेत, किती टिकतात, स्कॉलरशिप किती? आणि सर-मॅडम, पुढच्या फोटोच्या वेळी निदान लेथ चालू ठेवा. काम आम्हाला येतं!