घोडा दारात की पागेत?

‘पेठेत घोडा दारातच शोभतो’ हे पत्र वाचले. हौस समजते, पण लेखक म्हणतात की म्हशी सांभाळणाऱ्या घराला घोडा जड नाही. गल्लत इथेच आहे. म्हैस रवंथ करते, घोडा करत नाही. त्याला दिवसभर थोडे थोडे चघळायला लागते. शिवाय तो ओकू शकत नाही. त्यामुळे तो वळून पोटाकडे बघू लागला, खुराने जमीन उकरू लागला, अशी पोटदुखीची लक्षणे दिसली, की तातडीने डॉक्टर गाठावा लागतो. नुसत्या उसाच्या वाड्यावर ठेवाल, तर त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम कमी पडून हाडे कमकुवत होतात.

त्या पत्रात दाखला राजर्षी शाहूंच्या पागेचा दिला आहे. अहो, तिथे मोतद्दार, नालबंद सगळे पदरी होते! आपल्या गल्लीत निसरडी फरशी आणि डॉल्बीचा दणदणाट.

भाड्याच्या पागेत दरमहा पैसे जातात, एकच मोतद्दार चार घोडी बघतो, हे मान्य. पण तिथे घोड्याला सोबत मिळते, पाय मोकळे होतात. रंकाळ्यावरची रपेट आणि वरात यांवर ज्यांचे पोट आहे, त्यांनी घोडा घराजवळ ठेवणे रास्तच. हौशी मंडळींनी मात्र शहराबाहेर, माळालगतची पागा बघावी आणि दर सहा-आठ आठवड्यांच्या नालबंदीला स्वतः हजर राहावे.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर