करंडक आपला, टाळ्या कोणाला?

26 जून 2022 रोजी बंगळुरूला मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले आणि प्रथमच रणजी करंडक जिंकला. त्या दिवशी इंदुरातल्या आपल्या काही घरांत मात्र सुतक पडल्यासारखी शांतता होती! आडनाव मराठी म्हणून संघही मुंबईचाच का? 1947-48 मध्ये होळकर संघाने मुंबईलाच हरवून करंडक घेतला, तेव्हा आपल्या आजोबांना हा प्रश्न पडला नव्हता. शिवाय 2022 चे विजयी प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मूळ मुंबईचेच! आंतरराष्ट्रीय सामन्याच्या तिकिटासाठी आपण धडपडतो, रणजीला होळकर स्टेडियमकडे फिरकत नाही. मराठी घरात जरूर जपू या. पण ज्या गावाचे पाणी पितो, त्या गावच्या पोरांसाठी टाळ्या वाजवायला लाजू नये.