कॅमेरा कोणाच्या हातीं?

पुरुषानें लुगडें नेसावें ह्याचें मराठी रसिकास कधींच वावडें नव्हतें. बालगंधर्वांच्या वेषभूषेचें अनुकरण घरंदाज स्त्रियांनीं हौसेनें केलें, आणि १९६८ सालीं पुण्यांत त्यांच्या नांवाचें रंगमंदिर उभें राहिलें. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र' ह्या चित्रपटांत फाळक्यांची तारामती झाले ते अण्णा साळुंके. १९१७ च्या 'लंकादहना'त राम तेच आणि सीताही तेच. ह्या कौतुकांत आम्हांस वावगें कांहींच दिसत नाहीं. वावगें दिसतें तें हें कीं, ज्या समाजानें सोंगाची एवढी पूजा बांधली, त्यानेंच तृतीयपंथीयाचें खरें जिणें दाराबाहेर ठेविलें, आणि कधीं काळीं तें पडद्यावर आणिलेंच तर सोंगाकरवींच आणिलें.

१९९१ च्या 'सडक' चित्रपटांतील महाराणी आठवावी. सदाशिव अमरापूरकरांनीं ती भूमिका अशी वठविली कीं खलनायकाचें फिल्मफेअर पारितोषिक त्यांच्याकडे चालत आलें. नटाच्या गुणाविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु ज्यांनीं त्या जमातीचें दुसरें एकही चित्र पाहिलें नव्हतें, त्यांच्या मनांत तोच क्रूर चेहरा कायमचा बसला. त्यानंतर काळ पालटला, सहानुभूतीची लाट आली. २०२३ सालीं रवि जाधवांनीं 'ताली' ह्या मालिकेंत गौरी सावंत ह्यांचें चरित्र दाखविलें. त्यांत गौरी झाल्या सुश्मिता सेन!

कोणी म्हणेल, राजाचें काम करावयास राजाच लागतो काय? लागत नाहीं, हें खरें. पण राजापाशीं भाट असतात, बखरकार असतात; नटाचें सोंग फसलें तरी त्यांचें लेखन मागें उरतें. ज्याच्यापाशीं ह्यांतलें कांहींच नाहीं, त्याचें परक्यानें काढलेलें चित्र हाच त्याच्याविषयींचा एकमेव पुरावा होऊन बसतो.

हा आक्षेप नुसता मनांत न ठेवतां ज्यांनीं तो करणाऱ्यांच्या तोंडावर सांगितला, त्या मुंबईच्या झोया थॉमस लोबो. पांचवीनंतर शाळा सुटलेली. पुढें लोकल गाड्यांतून हात पसरून उदरनिर्वाह. २०१८ च्या सुमारास हिजड्यांवरील एक लघुपट त्यांच्या पाहण्यांत आला. त्यांत काम करणारे तृतीयपंथी नाहींत हें त्यांनीं ताडलें आणि कळविलें. करणारेही समजूतदार निघाले. पुढच्या भागांत त्यांनीं झोयाबाईंनाच भूमिका दिली. त्यांतून एका स्थानिक वृत्तसंस्थेचें वार्ताहराचें काम मिळालें, आणि गाडींत मागितलेल्या पैशांच्या शिलकेंतून त्यांनीं एक जुना कॅमेरा विकत घेतला. देशांतील पहिल्या तृतीयपंथी वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या आज ओळखल्या जातात.

१४ एप्रिल २०२० रोजीं, टाळेबंदींत, घरीं जाण्यासाठीं व्याकूळ झालेल्या मजुरांचा जमाव वांद्रे स्थानकाबाहेर लोटला. त्याचीं छायाचित्रें झोयाबाईंनीं टिपलीं, आणि त्यांचें नांव सर्वतोमुखीं झालें. आमच्या मतें त्यांच्या कारकीर्दींतील महत्त्वाची गोष्ट हीच. त्या चित्रांचा विषय हिजडा नव्हे. बिहार-उत्तर प्रदेशचा उपाशी मजूर होय. ज्यांच्याकडे आजवर जगानेंच टक लावून पाहिलें, त्यांतील एकीनें जगाकडे पाहिलें. आणि तरीही त्यांच्याविषयीं जें छापून येतें त्यांत भीक कशी मागत होतां हा प्रश्न आधीं असतो. जमावांत उभें राहून चित्र कसें साधलें हें विचारणारा विरळा. ही दया नव्हे, ही जुनीच चौकसगिरी होय. फक्त तिनें आतां इस्त्रीचे कपडे घातले आहेत.

ही झाली मुंबई. आम्ही लिहितों तें कळमनुरींत बसून, आणि येथील वाचकांस हें दूरचें वाटूं नये. २०११ च्या जनगणनेंत स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' असा रकाना प्रथमच आला. त्यांत महाराष्ट्रांतले ४०,८९१ जण मोजले गेले. देशभरच्या त्या रकान्यांत साक्षरांचें प्रमाण कमीच. संसदेनें २०१९ सालीं कायदा करून शिक्षणांत व नोकरींत भेदभाव करण्यास मनाई केली; पण शाळा सोडून गेलेल्या पोरास कायदा घरीं आणीत नाहीं. त्यास हातीं धंदा लागतो.

आणि कॅमेऱ्याचा धंदा पदवी मागत नाहीं. आज तालुक्याच्या गांवीं साध्या लग्नाचेंही शूटिंग होतें. स्टुडिओंतला पोरगा आधीं दिवे धरतो, मग वायरी गुंडाळतो, आणि दोन हंगामांत हळद-सप्तपदी टिपूं लागतो. मांडवांत टाळी वाजली कीं आपण दहा-वीस रुपये काढून आशीर्वाद घेतों. तीच व्यक्ति कॅमेरा घेऊन बोहल्याशेजारीं उभी राहिली तर मात्र आपल्या सोयऱ्यांच्या भुवया चढतील, हें आम्ही जाणून आहों. चढोत.

तुळशीचें लग्न झालें कीं कार्यें सुरू होतील. ज्यांच्या घरीं कार्य आहे त्यांनीं शूटिंग ठरवितांना स्टुडिओवाल्यास एवढेंच विचारावें: तुमच्या हाताखालीं असा कोणी शिकतो काय? नसल्यास यंदा ठेवाल काय? त्याची मजुरी बिलांत निराळी लावा, ती आम्ही देऊं.