तांबडी शाई

साताऱ्याहून सांगलीच्या एस.टी.त बसलो, तेव्हा पिशवीत भाचीसाठी कंदी पेढे होते आणि डोक्यात बहिणीची तक्रार : पोरगी इंजिनिअरिंगला आहे, पण रात्ररात्र खेळते!

खोलीवर जाऊन पाहतो तो ती खेळत नव्हती, खेळ तपासत होती. सात-आठ मुलामुलींनी मिळून रचलेला संगणकाचा खेळ. विषय आमच्या अजिंक्यताऱ्याचा, १६९९-१७०० चा औरंगजेबाचा वेढा. कोणी नवा भाग लिहून पाठवला, की दुसऱ्याने तो ओळ न् ओळ वाचायचा, शंका काढायच्या, आणि पटला तरच मूळ संहितेत मिसळायचा, असा त्यांचा शिरस्ता.

"म्हणजे वह्या तपासणंच की!" मी म्हणालो. माझी सारी हयात तांबड्या शाईत गेलेली.

"मामा, वहीतली चूक वहीतच राहते. ही सगळीकडे पसरते."

मग तिने समजावून सांगितले, ते मला समजले तसे सांगतो. चार ठिकाणचे चौघे खेळत असले, तरी सगळे रणांगण काही एकमेकांकडे पाठवले जात नाही. पाठवतात ते फक्त हुकूम. लढाईचा हिशेब प्रत्येकाचा संगणक आपापला करतो. तेव्हा चारही हिशेब तंतोतंत जुळले पाहिजेत. आणि गंमत अशी, की दशांश अपूर्णांकांच्या शेवटच्या घरात दोन यंत्रांचे कधी कधी जमत नाही. एवढासा फरक, पण अर्ध्या तासाने सांगलीत बुरूज ढासळलेला आणि पुण्यात शाबूत! '० ए.डी.' नावाचा एक मोठा खेळ आहे. त्याची संहिता २००९ मध्ये सर्वांना खुली झाली, आणि त्यात मौर्यांचे हत्तीही आहेत. त्या खेळात एवढ्यासाठीच लढाईच्या हिशेबात ठरावीक घरांचे आकडे वापरतात.

इथे साताऱ्याच्याच एका पहिल्या वर्षाच्या मुलाने सुरुंगाचा स्फोट लिहून पाठवला होता. (खऱ्या वेढ्यात एक सुरुंग उलटून मोगलांचीच माणसे गाडली गेली.) त्याच्या लॅपटॉपवर स्फोट झकास होत होता, पण हिशेबात नेमके साधे दशांश. भाचीने उत्तर लिहिले होते : "चूक. पुन्हा लिही."

ते तीन शब्द वाचून मला आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला. 'माझी आई' या निबंधात त्याने पानभर गोठ्यातल्या म्हशीबद्दल लिहिले होते. मी वर तांबड्या शाईने 'विषय सोडून' असे खरडले. पुढे वर्षभर त्याचा निबंध पाच ओळींच्या वर गेला नाही. आई वारल्यावर दूध घालून वाढवणारी ती म्हैस, हे मला फार उशिरा कळले.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "लिनक्सवाल्या लिनस टॉरव्हाल्ड्सनं सुद्धा २०१८ मध्ये स्वतःच्या कडू बोलण्याबद्दल जाहीर माफी मागितली होती." तिने ते शब्द पुसले. "स्फोट छान झालाय. पण हा आकडा दोन यंत्रांवर सारखाच येईल का? एकदा लॅपटॉप आणि मोबाइल शेजारी ठेवून बघशील?" मंजुरी मात्र दिली नाही. तिथे मामाचाही वशिला चालला नाही.

पहाटे चारला त्याचे उत्तर आले. एकीकडे बुरूज पडला होता, दुसरीकडे उभा! हिशेब नव्याने लिहून पाठवला होता; आणि धुराचा रंग बरोबर आहे का, अशी पृच्छा खाली होती.

मी सहाला उठलो, तो बाईसाहेब पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत बसलेल्या. पेढ्यांच्या पुड्याचा दोरासुद्धा सुटला नव्हता.