आमचा घोटभर लाभांश

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी दारूला शिवलेले नाही. आजोबा माळकरी होते, वडील प्राथमिक शिक्षक होते आणि मी बँकेत कारकून आहे. म्हणजे न पिण्याचे कारण श्रद्धेवरून इभ्रतीवर आणि इभ्रतीवरून पगारावर घसरत आले, पण न पिणे मात्र कायम राहिले. असे असताना २०२३ सालच्या दिवाळीनंतर एके सकाळी चहाच्या वेळी माझा मोबाइल वाजला आणि तो नेमका आमच्या सौभाग्यवतीने उचलला. खात्यात दोनशे रुपये लाभांश जमा झाल्याचा संदेश होता.

"कसला हो हा लाभांश?"

"कंपनीचा."

"कसली कंपनी?"

"पेयांची," मी म्हणालो.

पण नवरा एका शब्दात उत्तरे द्यायला लागला की बायकोला वास येतोच. शेवटी ‘युनायटेड स्पिरिट्स’ हे नाव बाहेर काढावे लागले. स्पिरिट म्हणजे चैतन्य असा अर्थ मी सांगून पाहिला. पण ती इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली आहे. पुढचे चार दिवस आमच्या घरातली परिस्थिती, वर्तमानपत्रे म्हणतात तशी, ‘तणावपूर्ण पण नियंत्रणात’ होती.

हे पन्नास शेअर मी साधारण हजार रुपये भावाने घेतले होते. मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला टाकलेले पन्नास हजार. कंपनीने त्या नोव्हेंबरात शेअरमागे चार रुपये अंतरिम लाभांश दिला, बऱ्याच वर्षांच्या कोरड्या दुष्काळानंतर. वर्षाचा सगळा लाभांश धरला तरी शेकडा एक रुपया भरत नव्हता. आमच्याच बँकेत मुदत ठेव केली असती तर साडेतीन हजारांच्या आसपास व्याज मिळाले असते. पण बँकेतला माणूस स्वतःच्या बँकेत ठेव ठेवण्याइतका भाबडा राहत नाही, हा आमच्या धंद्याचा शाप आहे.

ही गोष्ट शाखेत फुटली आणि आमचे हेडकॅशियर जेवणाचा डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. "दोनशे रुप्यामा काय व्हस, भो?" त्यांनी अहिराणीतून सुरुवात केली आणि मग शुद्ध मराठीत माझे बौद्धिक घेतले. लाभांश हा शुद्ध भ्रम आहे. कंपनीने चार रुपये वाटले की त्या तारखेला भावही साधारण चार रुपयांनी उतरतो. उजव्या खिशातले डाव्या खिशात. वर सरकार मध्ये हात घालते ते वेगळेच. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात धरतात, म्हणजे पगाराच्या दराने कर. उलट शेअर नुसता वाढू दिला तर विकेपर्यंत कर नाही. आणि वर्षाने विकला तरी वर्षाला सव्वा लाखाच्या नफ्यापर्यंत माफी, त्यापुढे साडेबारा टक्के. "पैसा कंपनीतच राहू दे, तो तिथे पोरं घालील," असे म्हणून त्यांनी डबा उघडला.

दुसरी बाजू आमच्या सासऱ्यांची. मामा त्या आठवड्यात मुक्कामाला होते. ते शेअर विकून मोकळे व्हा म्हणतील असे वाटले होते; पण मामा कोषागारातून निवृत्त झालेले, त्यांना हातात आलेल्या पैशाविषयी आदर आहे. "जावईबापू, घेतलेत ते घेतलेत. पण लाभांश मागा. दारूच्या धंद्यात रोकड फार येते, आणि मालकाच्या हाताशी रोकड पडून राहिली की त्याला पंख फुटतात." मामांचे म्हणणे अगदी अक्षरशः खरे होते. विजय मल्ल्यांनी २००५ साली किंगफिशर एअरलाइन्स सुरू केली. २०१२ साली ती जमिनीवर आली. २०१५ साली युनायटेड स्पिरिट्सच्याच संचालक मंडळाने, कंपनीचा पैसा समूहातल्या इतर कंपन्यांकडे वळल्याच्या चौकशीवरून, त्यांना अध्यक्षपद सोडायला सांगितले. मल्ल्यांनी आरोप नाकारले, आणि २०१६ च्या मार्चमध्ये ते देश सोडून गेले. "भागधारकाच्या खिशात गेलेल्या पैशाचे विमान होत नाही," हे मामांचे वाक्य मला तरी कुठल्याही ताळेबंदाहून वजनदार वाटते.

असा मी मधोमध बसलो होतो. आणि मधोमध बसण्याची आमच्या जिल्ह्यात सरकारमान्य जागा आहे. त्या काळात मी नंदुरबारहून नवापूरला रेल्वेने जा-ये करीत असे. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकड्याच्या मधूनच दोन राज्यांची हद्द जाते. गंमत अशी की दोन्ही टोकांना मुळात कायदा एकच, १९४९ साली जुन्या मुंबई राज्याने केलेला दारूबंदीचा. १ मे १९६० ला राज्ये वेगळी झाली. तेव्हापासून त्याच कायद्याच्या आधाराने गुजरात बंदी करतो आणि महाराष्ट्र परवाने देतो. म्हणजे बाकड्याच्या या टोकाला परवानाधारक नागरिक, त्या टोकाला गुन्हेगार!

आणि महाराष्ट्राला या धंद्यातून काय मिळते? २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाने विदेशी म्हणवल्या जाणाऱ्या देशी बनावटीच्या मद्यावरचे शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केले. या आणि अशाच निर्णयांतून वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळावेत अशी अपेक्षा होती. एकही शेअर न घेता एवढा लाभांश! कंपन्यांचे शेअर घसरले आणि आमच्या हेडकॅशियरांनी दोन दिवस डबा परत नेला. वाढीचे असेच असते. ती आपल्या पासबुकात येण्याआधी सरकारच्या नजरेत येते. (माझे शेअर तोवर गेले होते. ते कसे गेले, तेच आता सांगतो.)

एका बाजाराच्या दिवशी माझ्या काउंटरवर एक बाई आली. स्लिपवर अंगठा केला आणि दाराकडे बघत म्हणाली, "भाऊ, तो यायच्या आत दे." तो म्हणजे नवरा. अशा बाया आम्हा कॅशियर लोकांना नव्या नाहीत. त्यांच्यासाठी नोटा मोजायचा वेग आपोआप वाढतो. पैसे पदरात बांधता बांधता तिने आनंदाने सांगितले की गावात सह्या पुऱ्या झाल्या, आता बाटली आडवी होणार. चौथाई महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर एक बाटली उभी, एक आडवी. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद.

आणि वाचकहो, खोटे कशाला सांगू? माझ्या मनात पहिला विचार आला तो शेअरच्या भावाचा. अशा गावोगावी बाटल्या आडव्या झाल्या तर?

हेडकॅशियरांना सांगितले तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "त्या दुकानात तुझ्या कंपनीची बाटली नसतेच! आपल्याकडचा गरीब एकतर मोहाची पितो, नाहीतर देशी." शिवाय तुझ्या कंपनीने २०२२ साली हलक्या भावाचे ३२ ब्रँड विकूनच टाकलेत. तिची वाढ जास्त पिण्यावर नाही, महाग पिण्यावर आहे. हिशेबाने त्यांचे सगळे बरोबर होते. पण माझ्या मनाला तो हिशेब माहीत नव्हता, आणि तरी ते त्या बाईच्या विरुद्ध मत देऊन मोकळे झाले होते! मी तिला नोटा दिल्या त्या तिच्या बाजूने, आणि इच्छा धरली ती तिच्या नवऱ्याच्या बाजूने.

म्हणून माझे म्हणणे असे, आणि ते मी मामांच्याही पुढे जाऊन म्हणतो. दारूच्या शेअरमध्ये पैसे घालणाराने लाभांशच मागावा. लाभांश हा कालच्या दारूचा असतो. प्यायली गेली, उतरली, हिशेब झाला. त्यात आपण फार तर वाटेकरी. वाढ मात्र उद्याच्या दारूची असते. ती हवी असेल तर कोणीतरी उद्या ग्लास पुढे करावा, परवा त्याने महागातली मागवावी आणि तेरवा त्याच्या मुलाने सुरुवात करावी, अशी इच्छा रोज सकाळी सव्वानऊला, बाजार उघडताना, देवाच्या फोटोला उदबत्ती लावतालावताच करावी लागते. आणि आपला करकायदा बघा: कालच्या पापावर पगाराच्या दराने कर, आणि उद्याच्या पापावर सव्वा लाखापर्यंत माफी!

एवढे तत्त्वज्ञान झाल्यावर २०२४ च्या शेवटी मी पन्नासही शेअर विकले. भाव दीड हजाराच्या वर गेला होता. पंचवीस हजारांवर नफा झाला, आणि सव्वा लाखाच्या आतला म्हणून कर शून्य. म्हणजे लाभांशाची बाजू घेऊन एवढा भांडलेला मी, शेवटी खिशात घातली ती वाढच. हेडकॅशियरांनी हे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले.

घरी मी सगळे कबूल केले. दोनशे रुपये आले तेव्हा जी चार दिवस बोलली नव्हती, तिने पंचवीस हजारांचा आकडा ऐकला, क्षणभर देवघराकडे पाहिले आणि हळू आवाजात विचारले, "मग ते मुदत ठेवीत टाकलेत ना?"